भारतमातेचं तोंड

माझ्या नवऱ्यानं मला न विचारता देशाला देऊन टाकलं. तक्रार म्हणून सांगत नाही, तक्रारीचं वय गेलं आता. पण जे झालं ते तिथूनच सुरू झालं, म्हणून तिथूनच सांगते.

ते भिलाईच्या कारखान्यात पेंटर होते. कारखाना अजून पुरता उभा झाला नव्हता. एक भट्टी पेटली होती, दुसरीचं काम चाललं होतं, आणि जिकडं पाहावं तिकडं खड्डे, क्रेन आणि धूळ. अशा ठिकाणी पेंटरला काम कमी पडत नाही. क्रेनवर आकडे घालायचे, पाइपांवर बाण काढायचे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ‘खतरा’ लिहून वर कवटी आणि दोन हाडं काढायची. त्यांनी इतक्या कवट्या काढल्या की शेवटी शेवटी त्या हसायला लागल्या. साहेबानं एकदा बोलावून सांगितलं म्हणे, कवटी पाहून माणूस भ्यायला पाहिजे, तिची विचारपूस करायला थांबायला नको.

मी त्याच कारखान्यात आधी रेजा होते. बाईमजुराला तिकडं रेजा म्हणतात. भंडाऱ्याकडून आईबापांबरोबर आले आणि पायाच्या खड्ड्यातून माती वर काढणाऱ्या बायांच्या रांगेत डोक्यावर घमेलं घेऊन उभी राहिले. लग्न झाल्यावर ते काम सुटलं. दीक्षेनंतरचं आमच्या घरातलं ते पहिलं लग्न. पांढरं लुगडं, समोर बुद्धाची तसबीर, ना होम ना हळद. आईनं कुंकवाची डबीसुद्धा बरोबर दिली नाही. म्हणाली, “ते आता आपलं नाही.” मला त्याचं काही वाटलं नाही. आधी तरी ते कुठं फार आपलं होतं?

कार्टूनचा नाद त्यांना कँटीनमधल्या वर्तमानपत्रांनी लावला. नागपूरचा पेपर दुसऱ्या दिवशी यायचा, आणि कँटीनमध्ये तो वाचून चुरगळला की हे त्यातलं कार्टून कापून खिशात घालून घरी आणायचे. मग त्यांना वाटलं, आपल्यालाही जमेल. आमच्या वसाहतीच्या, म्हणजे सेक्टरच्या, बाजाराजवळ रहिवाशांच्या कमिटीचा एक प्लायवूडचा फळा होता. पाणी कधी येणार, कोणाची बकरी हरवली, असलं काही त्याच्यावर लावायचे. रविवारी तो मोकळा असे. रशियातून मशिनी यायच्या त्यांच्यावर जाड तपकिरी कागद गुंडाळलेला असायचा. खोके फोडल्यावर तो कोणालाच नको असे. तो आणायचा, घरी जमिनीवर पसरायचा, आणि रविवारचं चित्र काढायचं. कागद इतका मोठा की चित्र चालू असेपर्यंत मला चुलीकडं जायला भिंतीला पाठ लावून जावं लागे.

पुढाऱ्यांची तोंडं ते कधी काढत नसत. ते म्हणायचे, पुढाऱ्याचं नाक चुकलं तर पुढारी चिडतो आणि बरोबर जमलं तर जास्त चिडतो. त्यापेक्षा निशाणी बरी. त्यांच्या चित्रात सगळे पक्ष आपापल्या निशाणीच्या रूपात यायचे. राज्य करणाऱ्यांची बैलजोडी, कोणाचा दिवा, कोणाची झोपडी, आणि आमच्या माणसांचा हत्ती. बैलांनी फुकटची बढाई मारली की त्या रविवारी बैल लठ्ठ व्हायचे आणि जू एकीकडं पडलेलं असायचं. दिवा बोलायचा फार आणि धूर त्याहून जास्त सोडायचा. झोपडीत दर महिन्याला भांडण होऊन एक भिंत वेगळी राहायला जायची. हत्तीला ते बहुतेक मागं, कोपऱ्यात उभा करायचे. आमच्यातले लोक घरी येऊन विचारायचे, “काऊन गा पेंटर, आपला हत्ती मांगं?”

“जेथं हाय तेथं काढला,” ते म्हणायचे.

निवडणुकीच्या दिवसांत मात्र कार्टून बंद आणि भिंती सुरू. हात चांगला होता, म्हणून सगळेच पक्ष बोलवायचे, आणि हे सगळ्यांकडं जायचे. सकाळी बैल, दुपारी दिवा, संध्याकाळी झोपडी. उतईकडच्या एका गावात एका म्हाताऱ्यानं त्यांना अडवलं. तुमच्या बैलांच्या गळ्यात घंटा नाहीत, असे भुंडे बैल आम्ही दारात बांधत नाही म्हणाला. यांनी घंटा काढून दिल्या. मग दिव्यावाले आले, की बैलांना दागिने आणि आमच्या दिव्याला साधी वात? दिव्याची वात मोठी केली. झोपडीवाल्यांनी छपरावर वेल मागितला. हत्तीवाल्यांनी काही मागितलं नाही, पण यांनी हत्तीच्या पापण्या स्वतःहून इतक्या नाजूक काढल्या की मत कोणाला जाणार ते आंधळ्यालाही कळलं असतं.

भारतमाता त्यानंतर आली. कार्टूनमध्ये पक्ष आपसात भांडायला लागले की ते कोणासाठी भांडतात हे दाखवायला एक बाई लागते, असं त्यांच्या ध्यानात आलं. पहिली भारतमाता त्यांनी दुर्गच्या बाजारातल्या एका कॅलेंडरवरून काढली. गोरीपान, डोक्यावर मुकुट, मागं सिंह. चित्र सुंदर झालं, पण कामाचं झालं नाही. त्या बाईला रेशनच्या रांगेत उभं करायचं होतं, आणि ती रांगेत उभी राहणारी बाईच नव्हती. तिला कमरेत वाकता येत नव्हतं. हातात पिशवी दिली तर ती पिशवी कमळासारखी धरायची. ते दोन दिवस चिडचिड करत बसले. तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत असताना त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं.

“अवं, जरा वाक नं. आखीन थोडी. हां, तशीच राय.”

“भाकर जळून राहिली.”

“जळू दे. देशाचं काम हाय.”

असा माझा देशसेवेला आरंभ झाला. त्या रविवारी भारतमाता रेशनच्या रांगेत उभी राहिली, एका पायावर भार टाकून, पिशवी काखेत मारून, जशी मी उभी राहायचे तशी. मुकुट तेवढा तिचा, बाकी सगळं माझं. कपाळ माझं, गालाची हाडं माझी, डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख माझं. रेजा असताना त्याच्यावर वीट पडली होती तेव्हापासून ते दुभंगलेलं होतं, आणि यांनी तेही जसंच्या तसं काढलं. लुगडं तांबूस, कारण कारखान्यात लोखंडाला पहिला हात ज्या लाल ऑक्साईडचा देतात त्याच्या डब्यात तळाशी उरलेला रंगच आमच्याकडं भरपूर असायचा.

लोकांना भारतमाता आवडली, पण तिच्या कपड्यांवरून भांडणं लागली. यांनी तिला काष्ट्याचं लुगडं नेसवलं होतं. सेक्टरात तर बंगालपासून केरळापर्यंतचे लोक. कमिटीतले बंगाली बाबू म्हणाले, आईच्या पोटऱ्या दिसतात हे काही बरोबर नाही. पंजाबी सरदारजींचं म्हणणं, डोक्यावर ओढणी पाहिजे. आंध्रवाल्यांना केसांत फूल पाहिजे होतं. शेवटी सहावारी साडी आणि डोक्यावर पदर यावर तडजोड झाली. तोंडाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही, आणि ओळखलंही नाही कोणी. डोक्यावर घमेलं घेतलेल्या बाईच्या तोंडाकडं तसंही कोण बघतं? आणि त्याच डोक्यावर मुकुट चढवला की लोक हात जोडतात, तोंड तेव्हाही बघत नाहीत.

आता आमच्या शेजारीणबाईंबद्दल सांगते. त्यांच्या आणि आमच्या क्वार्टरमध्ये नुसती एक तारेची जाळी होती. त्यांचे यजमान कारखान्याच्या ऑफिसात. त्या नागपूरच्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, जातीनं वरच्या. क्वार्टरांच्या रांगेत आमची दोनच मराठी घरं, त्यामुळं दिवसभर हिंदी बोलून जीभ दुखली की त्या जाळीशी येऊन उभ्या राहायच्या. मी त्यांना वैनी म्हणायची, त्या मला पेंटरीण. गप्पा मारायला त्यांच्यासारखी बाई नाही. माझ्या अंगणातली कोथिंबीर न्यायच्या, मिरच्या न्यायच्या, वांगी तर हक्कानं तोडून न्यायच्या. पण चुलीवर चढलेलं काही घ्यायच्या नाहीत, आणि पाणीही नाही. कच्चं चालायचं, शिजलेलं नाही. हा नियम त्यांनी मला कधी बोलून दाखवला नाही. मीच एकदा तिळगुळाची वाटी जाळीवरून दिली होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मोरीजवळ कावळे ती टिपत होते, तेव्हा समजून घेतलं.

संक्रांतीला त्या हळदीकुंकू करायच्या. दुसऱ्या सेक्टरातल्या मराठी बायाही यायच्या, जाळीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. मला बोलावणं नसायचं. हळदीकुंकू मला नकोच होतं, आईनं सांगितलंच होतं ते आपलं नाही म्हणून. पण नको म्हणायला आधी कोणी या तर म्हणायला पाहिजे. मला ती संधीच कोणी दिली नाही, याचा मला राग यायचा. मला काय पाहिजे होतं ते सरळ सांगते. त्या बाईनं माझ्या उंबऱ्याच्या आत येऊन, बसून, माझ्या हातचं पाणी प्यावं, एवढंच. देशाची आई-बिई होण्याची मला काही हौस नव्हती.

आणि गंमत अशी की त्यांना फळ्यावरची भारतमाता भारी आवडायची. “पेंटरीण, तुझ्या नवऱ्याच्या हातात जादू आहे बाप्पा,” त्या जाळीशी उभ्या राहून मला, म्हणजे त्याच तोंडाला, सांगायच्या, “काय सोज्वळ चेहरा काढून राहिले!” मी मान डोलवायची. घरात येऊन यांना सांगितलं की हे हसायचे. मला हसू यायचं नाही.

मग चीनची लढाई सुरू झाली. सेक्टरचं वातावरण एका दिवसात पालटलं. रेडिओभोवती गर्दी, बाया लोकर विणायला बसल्या, आणि कमिटीनं यांना सांगितलं की या वेळी पक्षांची भांडणं नकोत, भारतमाता मोठी काढा, माणसाच्या उंचीची. यांनी चार कागद जोडले. मधे भारतमाता उभी, आणि तिच्या मागं बैल, दिवा, झोपडी आणि हत्ती, सगळे एका जुवाखाली येऊन तोफ ओढताहेत. झोपडीला चालता यावं म्हणून तिला चार पाय काढले होते. हत्तीला या वेळी कोपऱ्यातून काढून बैलांच्या बरोबरीनं जुंपलं होतं. त्यावर आमच्या लोकांची छाती फुगली. म्हणजे चित्र तसं कार्टूनच होतं. पण लढाईच्या दिवसांत हसणं कोणाला सुचत नव्हतं, आणि पहिल्याच सकाळी कोणीतरी त्याला झेंडूचा हार घातला.

हार पडला की पुढचं सगळं आपोआप होतं. दुसऱ्या दिवशी फळ्यापुढं स्टूल आलं, स्टुलावर समई आली, उदबत्ती आली. संध्याकाळी आरती करायचं ठरलं. प्रत्येक प्रांताची बाई आपल्या पद्धतीनं ताट घेऊन निघाली. मीही गेले. सगळी रांग निघाल्यावर घरात बसून राहिलं तर उद्या देशद्रोही म्हणतील, ही एक गोष्ट; आणि आपल्या तोंडाची आरती कशी होते ते पाहायचं होतं, ही दुसरी.

शेजारीणबाई माझ्या पुढं होत्या. त्यांनी ओटीचं सामान आणलं होतं: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. देवीची ओटी भरतात तशी त्यांनी भारतमातेची ओटी भरली. चित्राला पदर पसरता येत नाही, म्हणून सगळं स्टुलावर नीट मांडलं. मग पुढं होऊन बोटानं चित्राच्या कपाळाला कुंकू लावलं. कागद उंच होता, त्यांना टाचा वर कराव्या लागल्या. मग वाकल्या आणि त्या दुभंगलेल्या नखाच्या पायांवर डोकं टेकवलं. मी त्यांच्या मागं हातभर अंतरावर उभी होते, चपला काढून. माझे पाय त्यांना दिसले असते, पण त्यांनी डोळे मिटले होते.

माझ्या मनात काय आलं ते सांगते. आनंद नाही आला. मला वाटलं, ही बाई वाईट नाही. हिला नमस्कार करता येतो, मनापासून करता येतो. फक्त तो माझ्यापर्यंत यायला मी कागदाची व्हायला पाहिजे.

तेवढ्यात भाजीवाली आली. उतईकडून डोक्यावर पाटी घेऊन रोज यायची, सगळ्या सेक्टरात फिरून उरलेली भाजी संध्याकाळी बाजारात विकायची. गर्दी पाहून ती थांबली, पाटी खाली ठेवली, आणि चित्राकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. परत चित्राकडं. ही एक बाई अशी होती की जी रोज पाटी उतरवताना माझ्या तोंडाकडं बघून दोन शब्द बोलायची. “अई!” ती मोठ्यानं ओरडली, “ए तो तोर मुँहु आय, दीदी!” आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी हसत सुटली. चित्रात माझं तोंड सापडलं म्हणून तिला बिचारीला फार आनंद झाला होता.

पहिल्यांदा सरदारीणबाई हसली. मग सगळ्या माझ्याकडं वळून बघायला लागल्या, मग चित्राकडं, मग परत माझ्याकडं, टेनिसचा खेळ बघतात तसं. आणि एकदा सांगितल्यावर ते न ओळखणं कोणालाच शक्य नव्हतं. शेजारीणबाई अजून पुढंच होत्या. त्यांच्या बोटाला कुंकू लागलेलं होतं. ते बोट त्यांनी पदराला पुसलं, दोनदा पुसलं. ताट उचललं आणि माझ्या बाजूनं निघून गेल्या. 

दुसऱ्या दिवसापासून त्या जाळीशी आल्या नाहीत. वांगी झाडावरच जून झाली, कोथिंबिरीला फुलं आली. आधी निदान कच्चं चालत होतं, आता तेही बंद झालं.

आठवड्याच्या आत कमिटीचे दोघं जण घरी आले. बाहेर बाजेवर बसले. मी चहा केला. एकानं घेतला, दुसरा म्हणाला आत्ताच घेऊन आलोय. हवापाण्याचं बोलून झाल्यावर चहा घेतलेला म्हणाला, “पेंटर साब, चेहरा थोडा देवी जैसा होना.”

“देवी जैसा मतलब कैसा?” यांनी विचारलं.

तो गोंधळला. “मतलब... कॅलेंडर में रहता है ना, वैसा.”

जात हा शब्द कोणी उच्चारला नाही. उच्चारायची गरजच नव्हती. दुसरा तर सारखं म्हणत होता की लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे, आमचं स्वतःचं काहीच म्हणणं नाही. हे स्वभावानं भांडखोर नव्हते. “बदलून देतो,” म्हणाले. मी आतून ऐकत होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस एखादा शब्द बोलेल. फळा कधी उतरवू, एवढंच त्यांनी विचारलं. मला त्यांचा राग आला, आणि रागात मी चहाचा रिकामा पेला इतक्या जोरात घासला की त्याचा कान तुटला.

फळा घरी आणला. यांनी ब्रश ओला केला आणि कागदावरचं माझं तोंड पुसायला लागले. आधी डोळे गेले.  मी दारात उभी राहून बघत होते. इतके दिवस मी म्हणत आले होते की मला त्याचं काही नाही, फुकटचा ताप आहे, भाकरी जळतात. पण गालाची हाडं पुसायची वेळ आली तेव्हा मला रडू कोसळलं. दुःखाचं कमी, संतापाचं जास्त. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि विचारलं, “राहू देऊ का वं?” मी म्हटलं, “आता आर्धं पुसल्यावर? पुसा पुरं.”

त्या जागी कॅलेंडरचं तोंड आलं. गोरं, गोल, कोणाचंच नाही. फळा परत बाजारात गेला, हार परत पडला, आरती परत सुरू झाली. पायाच्या अंगठ्याचं नख मात्र तसंच राहिलं होतं. त्याच्याकडं कमिटीचं लक्ष गेलं नाही.

लढाई थांबली, हार वाळले, हिवाळ्यातल्या अवकाळी पावसानं ते चित्र उतरवलं. पक्ष परत आपसात भांडायला लागले, आणि रविवारचं कार्टून परत सुरू करा असा लोकांनी आग्रह धरला. साखर मिळत नव्हती, रॉकेलला रांगा लागत होत्या. कार्टूनला विषय भरपूर. पण यांचा हात चालेना. कॅलेंडरची बाई रॉकेलच्या रांगेत उभी राहीना, आणि माझं तोंड काढायला ते तयार होईनात.

“तुह्यं तोंड आखीन एकदा पुसाची ताकत नाही माह्यात,” ते म्हणाले.

“मंग दुसरं घ्या.”

“कोणाचं?”

मी जाळीकडं बोट दाखवलं. शेजारीणबाई अंगणात बसून खिरीचं वळवट वळत होत्या, नाकावर आलेली माशी कोपरानं हाकलत होत्या. त्यांचं नाक मोठं होतं, चांगलं भरदार, आणि त्यांना त्याची जाणीव असावी, कारण फोटो काढताना त्या नेहमी तिरप्या उभ्या राहायच्या. “कमिटीले देवीसारखं पाह्यजे नं?” मी म्हटलं. “ह्यांच्या तोंडाले कोण नाही म्हन्ते ते पाहूच.”

हे दोन दिवस नाही नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात बसून त्यांनी जाळीपलीकडं बघत कागद हातात घेतला. चित्र उत्तम झालं, अगदी निवडणुकीच्या हत्तीसारखं मन लावून काढलेलं. भारतमाता रॉकेलचा रिकामा डबा घेऊन भर उन्हात रांगेत उभी. तिच्या पुढं बैल सावलीत बसून रवंथ करताहेत, रांगेत त्यांचा नंबर पहिला. दिव्यात तेल नाही, तरी भाषण चालू. झोपडीनं दार लावून घेतलंय. हत्ती मागं खांबाला पाठ घासतोय. आणि मधे ते नाक.

रविवारी सकाळी फळा लागला आणि दहा वाजेपर्यंत सगळ्या सेक्टरला कळलं. माझं तोंड ओळखायला भाजीवाली लागली होती. हे तोंड कोणीही ओळखलं. लोक हसले, खूप हसले, चित्रावर नाही, नाकावर. कमिटीचे लोकही हसले. चेहरा बदला म्हणायला कोणी आलं नाही.

बारा वाजता माझ्या दारावर थाप पडली. उन्हाळा लागला होता, बाहेर रस्ता तापलेला. शेजारीणबाई बाजारातून तशाच आल्या होत्या, पायी, डोक्यावर पदर नाही, तोंड लाल. त्या उंबरा ओलांडून सरळ आत आल्या आणि चुलीपुढं येऊन उभ्या राहिल्या. बहुतेक कुठं आलो हे त्यांना कळलंच नाही.

“कुठं आहे तो पेंटर? सगळ्या बाजारात माझी अब्रू काढून राहिले! माणसं माझ्याकडं बोट दाखवून हसून राहिली! मी काय रॉकेलच्या रांगेत उभी राहते का? नोकर नाही का आमच्याकडं? मला न विचारता माझं तोंड लावलंच कसं?”

“मलेई नव्हतं विचारलं,” मी म्हटलं.

त्या आणखी बोलल्या, पण घसा कोरडा पडला होता, शब्द फाटायला लागले. त्या पाटावर मटकन बसल्या आणि म्हणाल्या, “पाणी दे आधी.”

मी माठातून पेला भरून दिला. त्यांनी तो तोंडाला लावला आणि घटाघट प्यायला सुरुवात केली. अर्ध्यावर थांबल्या. पेला ओठांजवळच होता. त्यांनी माठाकडं बघितलं, चुलीकडं बघितलं, भिंतीवरच्या बुद्धाकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं.  मी पेला परत घ्यायला हात पुढं केला नाही.  मग त्यांनी उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

“पेंटरला सांग,” पदरानं तोंड पुसत त्या म्हणाल्या, आवाज खाली आला होता, “माझं नाक एवढं मोठं नाही. लहान करून दे म्हणावं.”

“वैनी, माह्यं तं आखं तोंड पुसलं,” मी म्हटलं. “तुमचं नाकच मोठं झालं. राहू द्या.”

 मला वाटलं, आता त्या उठून जातील, आणि जाळीवरचं आधीच थांबलेलं बोलणं कायमचं संपेल. त्या उठल्या नाहीत. हातानं नाक चाचपत म्हणाल्या, “तुझंच तोंड बरं होतं गं.”

हे त्यांनी माझ्यासाठी म्हटलं की स्वतःचं नाक वाचवायला म्हटलं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी विचारलंही नाही. त्यांनी पेला पुढं केला होता, तो भरायचा होता.